नानांचे निबंध आणि रविवारचे बिरडे

आमच्या घरी निबंध डोळ्यांनी तपासत नसत, कानांनी तपासत. पुढे मीही आयुष्यभर मराठीच शिकवले, परीक्षेच्या दिवसांत इतर शिक्षकांबरोबर लांबलचक टेबलाशी बसून गठ्ठेच्या गठ्ठे उपसले, आणि तिथे चहाच्या वेळी हे सांगितले की लोकांना ती थाप वाटे. पण थाप नव्हे. नाना, म्हणजे माझे वडील, अंबरनाथच्या एका हायस्कुलात वरच्या वर्गांना मराठी शिकवत आणि आम्ही बदलापुरात हेंद्रेपाड्यात एका शेतकऱ्याच्या घराच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. मागे पडवी होती. रविवारी सकाळी नाना पडवीत चटईवर मांडी घालून बसत. पुढ्यात परात, परातीत मोड आलेले कडवे वाल, आणि नानांचे डोळे घट्ट मिटलेले. समोर आई गठ्ठा घेऊन बसे. ती एकेक निबंध वाची, नाना ऐकत आणि वाल सोलत. भिजलेला वाल सोलायला डोळे लागत नाहीत; बोटांत धरून दाबला की दाणा टुपकन परातीत पडतो आणि साल चिमटीत राहते. नाना म्हणत, कान कामात असले की हातांना चाळा हवा, नाहीतर झोप लागते. त्यामुळे वर्षातून कितीतरी रविवारी आमच्याकडे बिरडेच असे आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

ही पद्धत कुठून आली तेही सांगायला हवे. शिरगावचा बाळाराम म्हणून एक मुलगा नानांच्या वर्गात होता. त्याने एकदा शेजारी बसणाऱ्या मुलाचा निबंध शब्दन्‌शब्द उतरवला. तो शेजारी कारखान्यातल्या एका साहेबाचा मुलगा, अक्षर मोत्यासारखे, कागद गुळगुळीत. नानांनी त्याला वीसपैकी तेरा दिले आणि बाळारामला आठ. निकाल लागल्यावर बाळाराम सरळ शिक्षकांच्या खोलीत येऊन उभा राहिला. "सर, मना आठ आनि त्याला तेरा, आसा कसा? सगला त्याचाच लिवलाय मी. येक शब्द घरचा घातला नाय!" नानांनी आधी त्याला नकलेबद्दल दोन छड्या दिल्या. मग घरी येईपर्यंत त्यांच्या डोक्यात तेच घोळत राहिले. जेवताना आईला म्हणाले, "पोरगं चोर आहे खरं, पण त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. पाच मार्क मी अक्षराला दिले की कागदाला की बापाच्या हुद्द्याला, देव जाणे." त्या दिवसापासून नानांनी निबंधाच्या कागदाकडे बघणे सोडले. शनिवारी आई प्रत्येक कागदाचा नावाचा कोपरा दुमडून त्याला टाचणी लावी, गठ्ठा उलटापालटा करी आणि वर आपला क्रमांक घाली. वाचायचे कसे तेही नानांनी ठरवून दिले होते. आवाज चढवायचा नाही, उतरवायचा नाही, शब्द सुधारायचा नाही. आई पंचांग वाचावे तसे निबंध वाची. तिने सातवी केली होती आणि तिचे वाचन स्वच्छ होते. माझे काम गुण मांडून ठेवण्याचे.

नानांचे निबंध म्हणजे पावसाळ्यातला एक दिवस वगैरे नव्हेत. वरच्या वर्गांना ते नेहमी वादाचा विषय देत, आणि बाजू आपल्या मनाने घ्यायची सोय नसे. विषय फळ्यावर लिहिला की ते आपली काळी टोपी उलटी करून वर्गातून फिरवत. टोपीत चिठ्ठ्या असत. जी बाजू येईल ती मांडायची. "आपल्याला पटतं ते कोणीही लिहील," असे त्यांचे म्हणणे. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचे, मागची बाजू शेऱ्यासाठी कोरी. वीसपैकी पाच गुण ते एकाच गोष्टीला ठेवत आणि त्या गोष्टीला ते 'पाट' म्हणत. समोरच्याचा सगळ्यांत बळकट मुद्दा आधी आपणच नीट मांडायचा, त्याला पाटावर बसवायचे, आणि मग खोडायचा. "पाट दिला नाही, नुसताच दारातून हाकलला," हा त्यांचा शेरा शाळेत इतका माहीत होता की मुले भांडतानाही तो वापरत. दुसरा नियम 'मला वाटते' याबद्दल. निबंधात जितक्यांदा 'मला वाटते' येईल तितके गुण कापायचे. तुला काय वाटतं त्याला पुरावा लागत नाही, मग ते मी तपासू कसं, असे ते विचारत.

निबंध कसा उतरला आहे हे आम्हाला गुण ऐकण्याआधीच कळे, कारण मुद्दा चांगला आला की नानांचे हात थांबत. सामान्य निबंधाला टुप टुप चालू असे. एखादे वाक्य आले की एक वाल बोटांतच राही, आणि फारच चांगले काही असले तर दोन्ही हात परातीत तसेच पडून राहत. त्यामुळे वर्ग हुशार निघाला की आमचे जेवण लांबे. उल्हासनगरच्या कॅम्पातून येणारा एक सिंधी मुलगा होता, शाळा सुटल्यावर वडिलांच्या कापडाच्या दुकानाच्या फळीवर बसायचा. त्याचे मराठी कुठे घसरेल सांगता येत नसे, मध्येच 'मुनाफा' नि 'घाटा' येई, पण पाट तो सगळ्यांत मोठा देई. समोरच्याचे निम्मे म्हणणे आधीच मान्य करून टाकायचा आणि उरलेल्या निम्म्यावर असा चिकटायचा की नानांचे हात थांबलेच. घरमालकीणबाई अंगणात भात वाळत घालता घालता आत डोकावत. "कं गो मास्तरीनबाय, आज कोनाचा भांडान वाचताव?" असे विचारत आणि पायरीवर टेकून थोडे ऐकतही. निबंध म्हणजे लिहून केलेले भांडण, ही त्यांची समजूत अगदीच चूक होती असे मला आजही म्हणवत नाही.

नानांचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्याच्यामुळे घडले. मुद्दा पटला तर ते त्याप्रमाणे वागत. एका नववीतल्या पोराने तपकिरीविरुद्ध लिहिले, निबंधाला सोळा मिळाले आणि नानांची तपकिरीची डबी त्याच संध्याकाळी घरमालकांकडे गेली. आई याला हसे, पण तिला ते आवडतही असावे. ज्या माणसाचे मत बदलता येते त्याच्याबरोबर संसार करणे सोपे जात असेल.

मी अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात, नानांच्याच हाताखाली होते. मला कॉलेजात जायचे होते. त्यासाठी मुंबईला मावशीकडे राहावे लागणार होते आणि नानांनी त्यावर हो म्हटले नव्हते, नाहीही म्हटले नव्हते. "बघू" म्हणाले होते. मधल्या काळात कारखान्यातले देवधर साहेब, ज्यांचा तो मोत्यासारख्या अक्षराचा मुलगा, नानांना रस्त्यात भेटून म्हणाले की आमच्या ऑफिसात टायपिंगला मुलगी हवी आहे, तुमची सुमन मॅट्रिक झाली की पाठवा, तिथेच शिकवून घेऊ. अंबरनाथच्या कारखान्याचा भोंगा वारा असला की आमच्या घरापर्यंत ऐकू येई. त्या दिवसांत तो वाजला की मी दार लावून घेई.

अशात नानांनी आमच्या वर्गाला विषय दिला: मॅट्रिकनंतर नोकरी की कॉलेज? मुद्दाम दिला असे मला तेव्हा वाटले आणि अजूनही वाटते, जरी त्यांनी ते कधी कबूल केले नाही. टोपी माझ्यापुढे आली. मी चिठ्ठी उघडली तर 'नोकरी'.

आता माझ्या जागी दुसरी कोणी असती तर तिने मुद्दाम कच्चे लिहिले असते. मला ते सुचलेच नाही. मी नानांचीच मुलगी. बाजू आली ती मांडायची, आणि मांडायची तर अशी की समोरच्याला पळायला वाट राहू नये. मी लिहिले की कॉलेजातली पुस्तके वाचनालयातही मिळतात, पण घराला हातभार लावण्याचे वय परत मिळत नाही. मी लिहिले की कारखाने आज दारात आले आहेत आणि दारात आलेल्या कामाला परत पाठवणारा पुढे त्याच्याच दारात उभा राहतो. मग कॉलेजवाल्यांना पाट दिला: शिक्षण एकदा सुटले की सुटते, हा त्यांचा मोठा मुद्दा. आणि तो खोडताना लिहिले, 'ज्याला शिक्षणाची खरी ओढ असते त्याचे शिक्षण कधीच सुटत नाही. ज्यांचे सुटते त्यांना ते मनातून नकोच असते.' या दोन वाक्यांवर मी इतकी खूश झाले की ती लिहून झाल्यावर शाईची दौत बंद करून थोडा वेळ नुसती बसले.

आमच्या वर्गाच्या गठ्ठ्याला मला पडवीत बसायची परवानगी नसे. मी स्वयंपाकघरात खोबरे खवत होते. मधे फक्त दार, तेही उघडे. माझा निबंध आला तेव्हा टुप टुप पहिल्या परिच्छेदातच थांबली. मला आनंद झाला, खोटे कशाला सांगू. आई आपल्या सपाट आवाजात वाचत होती. "ज्याला शिक्षणाची खरी ओढ असते त्याचे शिक्षण कधीच सुटत नाही. ज्यांचे सुटते," आणि आई थांबली. इतक्या वर्षांत ती वाचताना अशी कधी थांबली नव्हती.

"काय झालं? अक्षर लागत नाही का?" नानांनी विचारले.

"लागतंय की," आई म्हणाली आणि पुढे वाचू लागली. माझे अक्षर तिला न लागण्याचा प्रश्नच नव्हता. गिरवून घेतले होते तिनेच.

नानांनी अठरा दिले. अठरा त्यांनी त्याआधी कोणाला दिलेले मला आठवत नाहीत. निम्मा गठ्ठा पुढच्या रविवारवर टाकून आम्ही जेवायला बसलो आणि नाना भात कालवता कालवता म्हणाले, "कोणाचा आहे ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही. पण मला तो पटला. देवधरांना सांगून टाकतो, सुमी मॅट्रिक झाली की येईल म्हणून."

माझ्या हातातला घास ताटात पडला. "नाना, तो माझा होता."

"असं?" नाना खूश झाले. "मग तर प्रश्नच मिटला. तुझंच म्हणणं आहे."

"माझं नाही, चिठ्ठीचं आहे! मला जायचंय कॉलेजात."

"जायचंय हे ठीक. पण मुद्द्याला काय उत्तर? मला तर सापडलं नाही." ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरोखरच सापडले नव्हते, आणि हेच वाईट होते. "तुला खोडता येत असेल तर लिही. उरलेल्या गठ्ठ्यात ठेव. इतरांसारखाच ऐकेन. देवधरांना तोवर सांगत नाही."

आईने दोघांना आमटी वाढली.

तो आठवडा माझा कसा गेला ते मला चांगले आठवते. मी शाळेतून आले की कागद घेऊन बसे. ज्या ज्या दारातून बाहेर पडायला बघावे ते दार मीच बंद करून ठेवलेले. लिहावे आणि फाडावे. मांजर्लीच्या बाजूला नदीवर आईबरोबर कपडे धुवायला गेले तरी डोक्यात तेच. धोपटणे आपटता आपटता आईला विचारले, "काय लिहू गं?" आई म्हणाली, "मी सांगितलं तर ते तुझं कसं होईल? नियम नाही का." आणि पुढचे लुगडे पाण्यात सोडले. मला तिचा राग आला. शनिवारी मी जे हाताला लागले ते लिहून काढले. त्यात ज्ञानाचे महत्त्व होते, थोर लोकांचे दाखले होते, माझ्यावर होणारा अन्याय तर ओळीओळीत होता. आईने त्याचा कोपरा दुमडला आणि गठ्ठ्यात कुठेतरी सरकवला.

रविवारी परत खोबरे माझ्याकडे. क्रमांक सतरा म्हणून आईने माझा निबंध सुरू केला आणि टुप टुप चालूच राहिली, शेवटपर्यंत, एकदाही अडखळली नाही. "नऊ," नाना म्हणाले. "पाट नाही, नुसती तक्रार आहे. 'मला वाटते' दोनदा." मी खवणीवर वाकले होते आणि खोबऱ्यात टिपे पडत होती. टायपिंगचे मशीन मी तोवर पाहिलेही नव्हते, पण ते मला दिसू लागले.

पडवीत कागद वाजला. आईचा सपाट आवाज पुन्हा सुरू झाला. "पक्ष, कॉलेज. नोकरीच्या पक्षाचे म्हणणे साधार आहे. घराला हातभार लावणे हे मोठेच काम आहे आणि ते ज्याला सुचते त्याला कोणी स्वार्थी म्हणू नये. पुस्तके वाचनालयात मिळतात हेही खरे आहे." पाट दिला, मी मनात म्हटले, आमच्या वर्गातला कोण हा? "परंतु वाचनालयातले पुस्तक आपल्याशी वाद घालत नाही. आपण चुकीचे समजलो तर ते आपल्याला नऊ गुण देत नाही. चूक दाखवणारा माणूस समोर असावा लागतो आणि तो एका ठरावीक वयातच मिळतो. कारखाने तर वाढत आहेत. आजची नोकरी पुढेही असेल."

बाहेर वाल थांबले होते. मी खवणी सोडून दाराशी आले.

"आता राहिला ओढीचा मुद्दा. ज्यांचे शिक्षण सुटते त्यांना ते मनातून नकोच असते, असे म्हटले जाते. एक मुलगी सातवीत पहिली आली. पुढच्या वर्गाची पुस्तके तिने शेजारून मागून आणून उन्हाळ्यातच वाचून टाकली होती. शाळा उघडली तेव्हा तिच्या लग्नाचे ठरले होते. ओढ तिला नव्हती असे म्हणायला पुरावा काय? तिने त्यानंतरही पुष्कळ वाचले, शेकडो जणांचे वाचले, आणि प्रत्येकाला गुण मिळालेले ऐकले. तिला मात्र कोणी विषय दिला नाही आणि तिची टोपीत चिठ्ठी नव्हती. तेव्हा ओढ असणे आणि वाट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओढ मुलाची असते. वाट घरच्यांनी द्यायची असते. घरच्यांनी ती दिली नाही आणि वर ओढ नव्हती म्हटले, तर तो मुद्दा होत नाही, ती सबब होते. मला वाटते, तिला पाठवावे."

आईचा आवाज जराही चढला नव्हता की उतरला नव्हता. मला दारातून तिच्या हातातला कागद दिसत होता, आणि माझ्याकडे असलेल्या बाजूवर माझेच अक्षर होते. क्रमांक सतरा. ती वाचत होती ती त्याची मागची, कोरी बाजू.

नानांचे डोळे मिटलेलेच होते. दोन्ही हात परातीत पडले होते. "एकोणीस," ते हळूच म्हणाले. "शेवटी 'मला वाटते' आलं, नाहीतर पुरते वीस होते. क्रमांक काय?"

"क्रमांक नाही."

नाना हसले. "मग सुमीचा. मला वाटलंच होतं, पोरगी उत्तर काढणार."

"सुमीचा मघाशीच झाला. त्याला तुम्ही नऊ दिलेत."

नानांनी डोळे उघडले. निबंध चालू असताना त्यांनी डोळे उघडलेले मी पहिल्यांदा पाहिले. त्यांनी हात पुढे केला, आईने कागद दिला. त्यांनी तो इकडून पाहिला, तिकडून पाहिला, आणि ओल्या बोटांची ओल कोऱ्या बाजूवर उमटली. मग म्हणाले, "ते शेवटचं तेवढं गाळायचं होतंस."

"ठाऊक आहे मला. इतकी वर्षं वाचतेय," आई म्हणाली. "एक मार्क जाऊ दे म्हटलं."

दुसऱ्या दिवशी नानांनी देवधर साहेबांना नाही म्हणून सांगितले आणि जूनमध्ये मी मावशीकडे गेले. पुढे मी स्वतः निबंध तपासायला लागले तेव्हा 'मला वाटते'ला मीही गुण कापले. नियम चांगला आहे आणि मुलांच्या फायद्याचा आहे. फक्त कापण्याआधी ते वाक्य मी मोठ्याने वाचून बघे. टेबलावरच्या इतर शिक्षकांना त्याचे हसू येई.

पण त्या रविवारचे सांगायचे तर नानांनी मला हाक मारून लाल पेन्सिल मागितली, कागदाच्या त्या कोऱ्या बाजूवर एकोणीस लिहिले, त्याखाली सही केली आणि तो आईला परत दिला. आईने तो गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला, पदराने डोळ्यांच्या कडा टिपल्या आणि पुढचा उचलला. "क्रमांक अठरा. पक्ष, नोकरी," त्याच आवाजात. नानांनी डोळे मिटले. निबंध अगदीच सामान्य होता, पण त्यांचे हात काही परातीतून हलले नाहीत, वाल निम्मेच सोलून झाले आणि दुपारी आम्ही पिठले-भात खाल्ला.